‘यमुनापर्यटन’कर्ते बाबा पदमनजी : जीवन आणि लेखनदृष्टी

मराठी कादंबरीचा इतिहास शिकविताना १८५७ या सालापाशी थांबावे लागते. त्या साली प्रसिद्ध झालेले ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’ हे पुस्तक मराठीतील पहिली कादंबरी म्हणून सांगितले जाते. लेखक बाबा पदमनजी, धर्म ख्रिस्ती, हेतू धर्मप्रसार, असे तीन शेरे त्यास जोडले जातात आणि अध्यापन पुढील ग्रंथाकडे वळते. पहिलेपणाचा मान देऊन वाचनातून वगळलेल्या ग्रंथांत ‘यमुनापर्यटन’चा समावेश करावा लागेल. लेखकाचे चरित्र तर बहुतेक विद्यार्थ्यांना केवळ धर्मांतराच्या एका घटनेपुरते परिचित असते.

वास्तविक या ग्रंथात दोन प्रवृत्ती शेजारीशेजारी नांदताना दिसतात. एक प्रवृत्ती स्त्रियांचे दुःख त्यांच्याच तोंडून ऐकण्याची, आणि दुसरी त्या दुःखावर तयार उत्तर देण्याची. पहिल्या प्रवृत्तीने मराठी गद्याला एक नवा विषय आणि नवी भाषा दिली. दुसरीने त्याच ग्रंथाला मर्यादा घातल्या. या दोन्ही प्रवृत्तींचे मूळ बाबांच्या आयुष्यात आहे. म्हणून त्यांचे जीवन आणि त्यांचा ग्रंथ एकमेकांशेजारी ठेवून पाहणे आवश्यक ठरते.

१. बेळगाव : घर आणि शाळा

बाबा पदमनजी मुळे यांचा जन्म मे १८३१ मध्ये बेळगाव येथे झाला. कुटुंब कासार जातीचे, मराठी भाषक आणि आचारधर्म निष्ठेने पाळणारे होते. वडील पदमनजी माणिकजी सरकारी नोकरीत असल्याने घरची स्थिती बरी होती. बेळगाव हे तेव्हा इंग्रजांच्या लष्करी छावणीचे गाव होते. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा तेथे कानांवर पडत. त्या काळच्या मराठी कुटुंबांत श्रीधराच्या पोथ्या, व्रतवैकल्ये आणि कहाण्या यांचे वातावरण असे. बाबांचे बालपण याच वातावरणात गेले. पोथी एकाने वाचायची आणि घरातील स्त्रियांनी ती ऐकायची, ही रीत त्या काळी घरोघर होती. कथा ही ऐकणाऱ्याचे आचरण बदलण्यासाठी असते, हा संस्कार त्या रीतीत सामावलेला होता. पुढे धर्म बदलला तरी कथेविषयीची ही धारणा बाबांनी सोडली नाही.

बेळगावात लंडन मिशनची शाळा होती. तेथे बाबांना इंग्रजीचे शिक्षण मिळाले आणि बायबलचा परिचय झाला. मिशनच्या शाळेत मुलास पाठविणाऱ्या पालकांना इंग्रजी हवी असे, धर्म नको असे. मिशनऱ्यांना धर्म द्यायचा असे आणि त्यासाठी ते इंग्रजी देत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक तरुण या दोन अपेक्षांच्या मध्ये सापडले. बाबा त्यांपैकीच एक होत.

२. मुंबई : वाचन, संशय आणि गुप्त सभा

पुढील शिक्षणासाठी बाबा मुंबईस आले आणि फ्री चर्च मिशनच्या विद्यालयात शिकू लागले. १८४० ते १८५५ या काळातील मुंबई मराठी विचारविश्वाच्या दृष्टीने विलक्षण गजबजलेली होती. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ पत्रात १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे येत होती. अमेरिकन मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून निघत होते आणि हिंदू धर्माची चिकित्सा करीत होते. पुण्यात १८४८ मध्ये जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली होती. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्या प्रायश्चित्ताच्या प्रश्नावरून मुंबईचा ब्राह्मण समाज ढवळून निघाला, ही घटनाही ताजी होती. नारायण शेषाद्री हे ज्या मिशनचे कार्यकर्ते, त्याच मिशनच्या विद्यालयात बाबांचे शिक्षण चालले होते.

१८४९ मध्ये दादोबा पांडुरंग आणि त्यांचे सहकारी यांनी परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मोडावा, मूर्तिपूजा सोडावी, एकच ईश्वर मानावा, विधवांना पुनर्विवाहाची मोकळीक असावी, असा या मंडळीचा विचार होता. तथापि सभेचा सारा व्यवहार गुप्त असे. बंद खोलीत सर्व जातींच्या सभासदांनी एकत्र खायचे आणि बाहेर पडल्यावर प्रत्येकाने आपापल्या जातीचे नियम पाळायचे, असे ते दुहेरी जीवन होते. बाबाही या सभेत सामील झाले होते. ज्या गोष्टीवर विश्वास आहे ती उघडपणे करता येत नाही, ही सल परमहंस मंडळीतील अनेकांना होती. बाबांच्या बाबतीत ती निर्णायक ठरली असे दिसते. ‘यमुनापर्यटन’मध्ये मनातून ख्रिस्ती विचारांकडे झुकलेले आणि बाहेरून जुन्या रीतीने वागणारे जे दांपत्य आढळते, त्याच्या चित्रणात या दुहेरी जीवनाचा अनुभव उतरलेला आहे.

याच काळात त्यांच्या लेखनास आरंभ झाला. ‘स्त्रीविद्याभ्यास निबंध’ १८५२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय एकवीस होते आणि ते अद्याप हिंदू होते. १८५४ मध्ये ‘व्यभिचारनिषेधक बोध’ प्रसिद्ध झाला. स्त्रियांच्या स्थितीविषयीची त्यांची आस्था धर्मांतरानंतर मिशनने पुरविलेली नव्हती, हे या कालक्रमावरून स्पष्ट होते. ‘यमुनापर्यटन’ हे केवळ मिशनच्या कार्यक्रमाचा भाग म्हणून पाहणाऱ्यांनी ‘स्त्रीविद्याभ्यास निबंध’ विसरता कामा नये.

३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगाव येथे बाबांनी बाप्तिस्मा घेतला. मुंबईत मते बनली. परंतु ती जाहीर करण्याचे ठिकाण जन्मगाव ठरले.

३. धर्मांतराची किंमत

१८५० च्या कायद्याने धर्मांतर केलेल्या व्यक्तीचा वारसाहक्क सुरक्षित ठेवला होता. कायदा मालमत्तेचे रक्षण करू शकत होता. माणसांच्या संबंधांचे रक्षण त्याच्या हाती नव्हते. ज्या पंक्तीत मूल वाढले त्या पंक्तीतून ते उठले म्हणजे माता-पित्यांस मूल गमावल्याचेच दुःख होई. बाबांच्या घरीही याहून वेगळे घडले नाही.

या प्रकरणाची आणखी एक बाजू आहे आणि बाबांच्या चरित्राचा विचार करताना ती टाळता येत नाही. तत्कालीन रीतीप्रमाणे बाबांचा विवाह लहान वयातच झाला होता. धर्मांतरानंतर त्या संसाराची घडी मोडली. पहिल्या पत्नीचा सहवास टिकला नाही आणि पुढे त्यांनी ख्रिस्ती समाजात दुसरा विवाह केला. धर्मांतर करणाऱ्या पुरुषाच्या पत्नीपुढे त्या काळी दोनच मार्ग असत. पतीबरोबर जावे तर माहेर, सासर, जात आणि देव एकाच दिवशी सोडावे लागत. मागे राहावे तर पती जिवंत असूनही वैधव्यासारखे आयुष्य वाट्यास येई. हा प्रश्न इतका व्यापक होता की १८६६ मध्ये सरकारला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. धर्मभेदामुळे जोडीदार नांदावयास तयार नसेल, तर न्यायालयामार्फत असा विवाह संपविण्याची आणि दोघांनाही पुन्हा विवाह करण्याची सोय त्या कायद्याने झाली. पुरुषाला त्याचा उपयोग होता. मागे राहिलेल्या उच्चजातीय स्त्रीला मात्र तिच्या समाजात पुनर्विवाहाची वाट बंदच असल्याने कायद्याने दिलेली मोकळीक बहुधा कागदावरच राहत असणार.

विधवांच्या दुःखाचे निरूपण करणाऱ्या लेखकाच्या स्वतःच्या आयुष्यात अशी एक स्त्री असावी, ही गोष्ट त्याला दोषी ठरविण्यासाठी पुढे करणे योग्य नाही. बालविवाह त्याने ठरविला नव्हता, आणि श्रद्धा लपवून जगणे त्याला अशक्य झाले होते. परंतु ‘यमुनापर्यटन’मध्ये यमुना आणि तिचा पती यांचे धर्मविषयक विचार पूर्णपणे जुळलेले दाखविले आहेत, याकडे या पार्श्वभूमीवर लक्ष जाते. लेखकाला प्रत्यक्षात जे मिळाले नाही ते त्याने कथेत रचले. श्रद्धेतील सहचारिणी ही या कादंबरीतील सर्वांत काल्पनिक गोष्ट म्हणावी लागेल. विधवांच्या कहाण्या मात्र काल्पनिक वाटत नाहीत.

४. १८५७ : ‘यमुनापर्यटन’

ईश्वरचंद्र विद्यासागर यांच्या प्रयत्नांमुळे जुलै १८५६ मध्ये हिंदू विधवांच्या पुनर्विवाहास कायदेशीर मान्यता देणारा कायदा झाला. पुनर्विवाह केल्यास मृत पतीच्या मालमत्तेवरील तिचा हक्क जाईल, असेही कलम त्यात होते. कायदा झाला, विवाह मात्र होईनात. महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडित यांच्या पुढाकाराने पुनर्विवाहाची चळवळ संघटित होण्यास त्यानंतर सुमारे दहा वर्षे लागली. कायदा आणि चळवळ यांच्या मधल्या या रिकाम्या दशकाच्या आरंभी ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. १८५७ हेच साल उत्तरेतील उठावाचे, मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेचे, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीचे आणि मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी व मिशनरी यांच्यात झालेल्या जाहीर वादांचे होय.

कथानक साधे आहे. यमुना ही मिशनच्या शाळेत शिकलेली तरुण स्त्री असून तिचा पती विनायक समविचारी आहे. हे दांपत्य महाराष्ट्रातील निरनिराळ्या गावी प्रवास करते. वाटेत आणि मुक्कामी त्यांना विधवा भेटतात. त्यांची हकीकत यमुना ऐकून घेते. केशवपन, उपासमार, घरातील राबणूक, फसवणूक, गुप्त संबंध आणि त्यांचे भयंकर परिणाम अशा अनेक गोष्टी या हकीकतींतून पुढे येतात. अखेरीस विनायकाचा अपघाती मृत्यू होतो आणि ऐकणारी यमुना स्वतःच विधवा होते. पुढे ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि तिचा पुनर्विवाह होतो.

या रचनेतील महत्त्वाची गोष्ट म्हणजे यमुनेचे स्थान. निबंधात विधवा हा विषय असतो. येथे विधवा बोलणारी आहे आणि तिच्यासमोर बसलेली स्त्री श्रोता आहे. पुरुषापुढे जे बोलता येत नाही ते यमुनेपुढे बोलले जाते. प्रवासातल्या अनोळखी स्त्रीपुढे मन मोकळे करणे घरातल्या माणसापुढे करण्यापेक्षा सोपे असते, हे ओळखून लेखकाने पर्यटनाची योजना केली आहे. त्यामुळे संवादांना घरगुती बोलीचे वळण आले. शास्त्री-पंडितांच्या संस्कृतप्रचुर गद्यापासून आणि मिशनऱ्यांच्या भाषांतरित गद्यापासून हे वळण सारखेच दूर आहे. उपदेशाच्या भागात हेच गद्य जड होते, वाक्ये ताठर होतात. एकाच पुस्तकातील या दोन भाषा शेजारी ठेवून वाचल्यास ऐकणारा लेखक आणि सांगणारा लेखक वेगवेगळे ओळखता येतात.

यमुना स्वतः विधवा झाल्यावर कथा एका कठीण वळणावर येते. आजवर जिने इतरांचे ऐकले तिचे आता कोण ऐकणार, हा प्रश्न उभा राहतो. आणि येथेच लेखक ऐकणे थांबवून उत्तर देतो. धर्मांतर आणि पुनर्विवाह यांनी यमुनेचा प्रश्न सुटतो. वाटेत भेटलेल्या इतर विधवांचा सुटत नाही. त्या आपापल्या गावीच राहतात. ग्रंथाचा शेवट समाधानाचा असला तरी त्याचे उपशीर्षक ज्यांच्या स्थितीचे निरूपण करण्याचे वचन देते, त्या स्त्रिया त्या समाधानाच्या बाहेर राहतात. लेखकाने हे हेतुतः केले असे म्हणता येणार नाही. परंतु वाचकाला ते जाणवल्यावाचून राहत नाही.

५. रूपाची वंशावळ

‘यमुनापर्यटन’चे रूप कोठून आले, याचा विचार करताना दोन ग्रंथ आठवतात. हरि केशवजी यांनी बन्यनच्या ग्रंथाचे केलेले मराठी रूपांतर ‘यात्रिकक्रमण’ या नावाने १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. मुक्तीच्या दिशेने चाललेला यात्रेकरू आणि वाटेत भेटणारी माणसे ही रचना त्यामुळे मराठी ख्रिस्ती वाचकांना परिचित झाली होती. दुसरा ग्रंथ बंगालीतील. हॅना कॅथरिन मलेन्स यांचे ‘फुलमणी ओ करुणार विवरण’ १८५२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही स्त्रियांचे घरगुती जीवन आणि ख्रिस्ती उपदेश यांची सांगड आहे. तेथे मात्र पात्रे एतद्देशीय ख्रिस्ती समाजातील आहेत. बाबांची दृष्टी ख्रिस्ती वस्तीबाहेर, ज्या समाजातून ते स्वतः आले त्या समाजाकडे वळलेली आहे. हा भेद लहान नाही. बाहेर पडलेल्या माणसाने मागे वळून आपल्याच घराच्या माजघरात पाहावे, तसे हे पुस्तक आहे.

मराठवाड्यातील अभ्यासकाला या संदर्भात आणखी एक ग्रंथ आठवणे स्वाभाविक आहे. माहूरला वंद्य मानणाऱ्या महानुभाव पंथात अटन हा आचाराचा भाग आहे, आणि ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ चक्रधरांच्या भ्रमंतीतील भेटी व संवाद यांतूनच उभा राहिला आहे. त्या संवादांत सतत प्रश्न विचारणारी महदाइसा बालविधवा होती. बाबांना ‘लीळाचरित्र’ माहीत असण्याचा संभव नाही; महानुभावांचे ग्रंथ तेव्हा सांकेतिक लिपीत बंदिस्त होते आणि विसाव्या शतकातच ते अभ्यासकांपुढे आले. तेव्हा प्रभावाचा प्रश्न उद्भवत नाही. तथापि फिरस्तीतील भेट आणि भेटीतील स्त्रीची वाणी हे मराठी गद्याचे जुने सामर्थ्य आहे, एवढे या तुलनेतून दिसते. ‘यमुनापर्यटन’ हे परक्या साच्यातील पुस्तक म्हणून बाजूस सारणाऱ्यांनी हे साम्य लक्षात घेणे इष्ट ठरेल.

६. कोशकार, पाळक, संपादक

‘यमुनापर्यटन’ लिहिले तेव्हा बाबांचे वय सव्वीस वर्षांचे होते. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक ते लिहीत राहिले. परंतु या ग्रंथाच्या तोडीची दुसरी कथात्मक कृती त्यांच्या हातून झाली नाही. पुण्याच्या मिशनशाळेत त्यांनी अध्यापन केले. पुढे दीक्षित पाळक म्हणून पुण्याच्या मंडळीची जबाबदारी त्यांनी काही वर्षे सांभाळली आणि नंतर धर्मग्रंथ व पुस्तिका प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांसाठी संपादनाचे काम केले. ‘सत्यदीपिका’सारखी नियतकालिके त्यांनी चालविली, नव्या करारावर विस्तृत टीका लिहिली. त्यांच्या लहानमोठ्या पुस्तकांची संख्या शंभराच्या पुढे जाते.

या विपुल लेखनात कोशांचे स्थान वेगळे आहे. ‘शब्दरत्नावली’ हा मराठी शब्दसंग्रह त्यांनी सिद्ध केला, आणि मोल्सवर्थच्या प्रचंड कोशाचा त्यांनी केलेला संक्षेप १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला. मोल्सवर्थचा मूळ कोश सर्वसामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा होता. संक्षेपामुळे तो शाळा-कचेऱ्यांपर्यंत पोहोचला. संक्षेप करताना कोणता शब्द ठेवावा आणि कोणता गाळावा याचा निर्णय पानोपानी करावा लागतो. बोलीची जाण असल्याखेरीज तो करता येत नाही. ‘यमुनापर्यटन’मधील स्त्रियांचे बोलणे ज्याने लिहिले त्यानेच हा निर्णय केला, ही गोष्ट कोशवाङ्मयाच्या अभ्यासकांनी फारशी विचारात घेतलेली नाही.

‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र १८८० नंतरच्या दशकात प्रसिद्ध झाले आणि १८९० मध्ये त्याचे इंग्रजी रूपांतर लंडनमध्ये निघाले. मराठीतील आरंभीच्या आत्मचरित्रांत त्याची गणना होते. नावाप्रमाणेच ते उजाडण्यापर्यंतचे, म्हणजे बालपणापासून धर्मांतरापर्यंतच्या काळाचे वृत्त आहे. बेळगावातील घर, सण, समजुती, शाळा आणि मुंबईतील वैचारिक घालमेल यांचे चित्रण म्हणून सामाजिक इतिहासाच्या दृष्टीनेही ते मोलाचे आहे. उजाडल्यानंतरच्या दिवसाचे वृत्त मात्र त्यात नाही.

२९ ऑगस्ट १९०६ रोजी बाबा पदमनजी यांचे निधन झाले. त्यांच्या जीवनाचा व कार्याचा साकल्याने परामर्श घेणारा के. सी. कऱ्हाडकर यांचा ग्रंथ त्यानंतर सुमारे सात दशकांनी, १९७९ मध्ये सिद्ध झाला.

७. मराठवाड्याच्या बाजूने

बाबांच्या हयातीत नांदेड आणि लातूर हे प्रदेश हैदराबादच्या निजामाच्या राज्यात मोडत. लातूर तर १९८२ पर्यंत स्वतंत्र जिल्हाही नव्हते. ते उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात होते. कंपनी सरकारचा १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदा निजामाच्या मुलखाला लागू नव्हता. मुंबई-पुण्याची मराठी मुद्रणालये, वृत्तपत्रे आणि वादसभा यांपासूनही हा मुलूख दूर होता. मिशनचे मराठी कार्य येथे आले ते प्रामुख्याने जालन्याच्या वाटेने. ज्यांच्या धर्मांतराने १८४३ मध्ये मुंबई हादरली होती ते नारायण शेषाद्री पुढे जालन्यास आले आणि सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल ही वसाहत उभारली. एकाच मिशनच्या दोन माणसांपैकी एकाने पुण्या-मुंबईत ग्रंथ लिहिले आणि दुसऱ्याने मराठवाड्यात गाव वसविले.

या भागातील वाचकाला ‘यमुनापर्यटन’ वाचताना एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. ग्रंथाच्या नावात हिंदुस्थानातील विधवा असा व्यापक उल्लेख असला, तरी केशवपन आणि पुनर्विवाहाची बंदी ही मुख्यत्वे ब्राह्मण व त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींची रूढी होती. मराठवाड्यातील शेतकरी व श्रमिक जातींत पाट किंवा मोहतूर लावण्याची चाल होती. मात्र या चालीला प्रथम विवाहाची प्रतिष्ठा नसे. विधी रात्री, गाजावाजा न करता उरकला जाई. तेव्हा या समाजांतील विधवेची समस्या बंदीची नसून मानहानीची होती, आणि ती ‘यमुनापर्यटन’च्या कक्षेत पुरेशी येत नाही. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत आज शिकणाऱ्या अनेक विद्यार्थिनी याच समाजांतून आलेल्या असतात. त्यांनी आपल्या घरातील आजी-पणजीच्या हकीकती या ग्रंथाशेजारी ठेवून पाहिल्या, तर एकोणिसाव्या शतकातील सुधारणेच्या साहित्याचा आवाका आणि त्याच्या कडा दोन्ही स्पष्ट होतील.

८. ग्रंथाचे भवितव्य आणि वाचनाची दिशा

‘यमुनापर्यटन’नंतर चारच वर्षांनी लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली आणि अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे युग सुरू झाले. १८७१ मध्ये ‘मोचनगड’ने ऐतिहासिक कादंबरीचा पाया घातला. वाचकांनी या दोन वाटा उत्साहाने स्वीकारल्या. पहिल्या वाटेवर बराच काळ कोणी फिरकले नाही. प्रचारकी हेतूमुळे ‘यमुनापर्यटन’ला कादंबरी म्हणावे की नाही असा वाद घालण्यात आला आणि पहिलेपणाचा मान ‘मुक्तामाला’ला देण्याकडेही काही अभ्यासकांचा कल राहिला.

तरीही ही वाट बुजली नाही. १८९० पासून ‘करमणूक’मध्ये हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ क्रमशः येऊ लागली. तिच्या नायिकेचे नाव यमू आहे, तीही विधवा होते आणि तिच्या वाट्याला केशवपन येते. हा योगायोग असो वा नसो, दोन ग्रंथ लागोपाठ वाचल्यास एक फरक ठळक होतो. बाबांच्या यमुनेला लेखक सोडवितो. हरिभाऊंची यमू सुटत नाही. पहिला लेखक उत्तर देतो, दुसरा प्रश्न वाचकाच्या दाराशी ठेवून जातो. कादंबरी या वाङ्मयप्रकाराची तेहतीस-चौतीस वर्षांतील वाटचाल या एका फरकात मोजता येते. परंतु हरिभाऊंच्या यमूला स्वतःची कहाणी सांगता आली, त्याआधी कोणीतरी विधवांच्या कहाण्या मराठी गद्यात बसून ऐकल्या होत्या, हेही विसरता येत नाही.

ग्रंथाच्या पुनर्मूल्यमापनात भालचंद्र नेमाडे यांचा वाटा मोठा आहे. मराठी कादंबरीच्या प्रेरणा व स्वरूप यांचा विचार करताना त्यांनी ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ या तीन ग्रंथांना तीन प्रवृत्तींचे प्रतिनिधी मानले आणि त्यांतील वास्तवाभिमुख प्रवृत्तीचे उगमस्थान ‘यमुनापर्यटन’मध्ये शोधले. त्यांचे अध्यापनही काही काळ औरंगाबादच्या तत्कालीन मराठवाडा विद्यापीठात झाले; नांदेडला १९९४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत येथील महाविद्यालये त्याच विद्यापीठाशी संलग्न होती. या मांडणीने ग्रंथाला इतिहासात सन्मानाचे स्थान दिले. तथापि एखाद्या प्रवृत्तीचे उगमस्थान म्हणून मान मिळणे आणि ग्रंथ प्रत्यक्ष वाचला जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

बाबांनी हे पुस्तक लिहिले ते समकालीन समाजाविषयी; आजच्या वाचकासाठी ते ऐतिहासिक झाले आहे. काळ दूर गेला की ग्रंथातील दुःखही दूरचे वाटू लागते. अशा वेळी मे २०२२ मधील एक घटना ध्यानात घ्यावी. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाल्यानंतर १६५ वर्षांनी असा ठराव करण्याची आवश्यकता भासली.

या पार्श्वभूमीवर ग्रंथाचे वाचन तीन टप्प्यांनी करणे उपयुक्त ठरेल. प्रथम विधवांच्या हकीकती उपदेशापासून वेगळ्या काढून वाचाव्यात आणि त्यांतील भाषा, प्रसंग व मौन यांची नोंद घ्यावी. त्यानंतर उपदेशाचा भाग वाचावा. तो वगळू नये, कारण ज्या माणसाने श्रद्धेसाठी घर गमावले त्याच्या लेखी तो ग्रंथाचा गाभा होता. अखेरीस हकीकत कोठे संपते आणि उपदेश कोठे सुरू होतो, त्या सांध्याकडे पाहावे. बाबा पदमनजी यांचे सामर्थ्य आणि त्यांची मर्यादा या सांध्यावर एकत्र दिसतात. तेथे एक स्त्री बोलत असते, दुसरी ऐकत असते, आणि लेखक अजून मध्ये बोललेला नसतो. मराठी कादंबरीचा आरंभ शोधायचा तर तो त्या क्षणांत शोधावा लागेल.